वाकळीतले तांबडे चौकोन

येडशी स्टेशन,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तूही बरी असशील. शाळेत याच्यापुढं लगेच "पत्र लिहिण्यास कारण की" असं लिहायला लावायचे. कारण आहे. पण ते मागून येईल, जरा दम धर.

आधी कबूल करतो, हे पत्र मी लई दिवस ढकलत आणलंय. कागद घेऊन ठेवला होता, तो गाडीच्या डॅशबोर्डवर पडून पडून पिवळा पडला. एकदा जळकोटजवळच्या ढाब्यावर लिहायला बसलो, तर शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला म्हणला, "कोर्टाचं लिहायलास का?" आजकाल हातानं दुसरं कोण काय लिहितंय म्हणा. मी नाही म्हणलो तरी त्यानं आपल्या बांधाच्या केसची सगळी कथा सांगितली, त्याच्या भावजयीचं कसं चुकलं तेबी सांगितलं, आणि पत्र राहिलं ते राहिलंच. तुला माहीतच आहे माझं.

आज मात्र फलाटावरच्या बाकड्यावर बसून लिहायलोय. थंडी चांगली आहे. रामलिंगाच्या देवळाकडची वानरं इथवर आलीत आणि त्यातलं एक थोराड माझ्या पेनाकडंच बघायलंय. बार्शीकडं जाणारी गाडी उशिरा आहे म्हणतात. मी गाडीची वाट बघतोय. म्हणजे गाडीचीच असं नाही, पण ते मागून.

आधी तुझं. तू तोंडी परीक्षा पास झालीस आणि नावाच्या आधी डॉक्टर लागलं, ही खबर मी कुणाकुणाला सांगितली त्याला मोजदाद नाही. धाराशिवच्या एसटीत कंडक्टरला सांगितली. तो म्हणला, "माझ्या गुडघ्याला काय औषध देतील का तुमच्या ताई?"

मी म्हणलं, "त्या तसल्या डॉक्टर न्हाईत. त्या पेशीच्या आत बघत्यात."

"म्हंजे एमआराय?"

"त्याच्याबी आत."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच आत जाऊन आलोय. उतरताना त्यानं बॅग हातात काढून दिली. तुझ्या नावावर मला असा मान मिळतोय, तू काही बोलू नको.

आईनं वस्तीवर घराघरात साखर वाटली. हातावर साखर ठेवायची आणि म्हणायची, "सुई टोचत न्हाई, पर डॉक्टर हाय." कुणी विचारलं की सुई टोचत न्हाई तर करती काय, तर आई बाजेवर बसून घ्यायची आणि समजावून सांगायची. काय समजावायची ते पुढं लिहितो. ऐकलंस तर तुला तुझ्या परीक्षकांपेक्षा आई अवघड वाटंल.

मागच्या साली रामहरीच्या साउंडबरोबर बिदरला लग्नाला गेलो होतो आणि तसाच पुढं हैदराबादला येऊन तुला धडकलो होतो, आठवतं ना? रामहरी म्हणजे तो येडशीचा, मिशावाला, ज्याच्या भोंग्यांमागं बसून मी सगळी लगीनसराई काढली. तू मला तुझ्या प्रयोगशाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेलं तुझं मोठं चित्र दाखवलंस. तांबडे-हिरवे बारके बारके चौकोन, शेकड्यांनी. मी त्याचा फोटो काढून घरी आईला दाखवला, तर ती म्हणली, "अगं बया, ही तर चिंध्या जोडून शिवलेली वाकळ हाय. आपली शिवा तिकडं जाऊन वाकळाच शिवायली व्हय?"

तेव्हापासून आपल्या घरात तुझ्या संशोधनाचं नाव वाकळ आहे.

तू मला समजावलंस ते मी विसरलो नाही. उभी एकेक ओळ म्हणजे एकेक बाई. आडवी एकेक ओळ म्हणजे एन्झाइम बनवणारं एकेक जनुक. एका बाजूला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा तुकडा, दुसऱ्या बाजूला चांगल्या जागेचा. तांबडं म्हणजे चढलेलं, हिरवं म्हणजे उतरलेलं. मी म्हणलं, पण चढलं म्हणजे काय, जनुक वाढलं? तू म्हणालीस, नाही, जनुक सगळ्या पेशीत तेच असतं, त्याचा आवाज चढतो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणलं, मग हे रामहरीच्या मिक्सरसारखं झालं की! वायरी त्याच, भोंगे तेच, गाणं तेच. पण कुणी येऊन एक पट्टी वर सरकवली की नुसता ढोल आदळतो आणि गाणारी बाई ऐकूच येत नाही. तू माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "हेच! अगदी हेच!" मग विषाणूचं सांगितलंस. तो बाईच्या अंगात येतो, बऱ्याचदा आपोआप निघून जातो, पण एखादीच्या अंगात वर्षानुवर्षं गप बसतो आणि एक दिवस मिक्सरपाशी जाऊन पट्ट्या सरकवायला लागतो. साखर फोडणाऱ्या एन्झाइमची पट्टी वर जाते, मग ती पेशी अधाशासारखी साखर ओढते आणि हवा असूनही अर्धवट जाळून आंबट करून टाकते. ढोकीला कारखान्यावर ऊस टाकायला जायचो तेव्हा मी भट्टी बघितलीय, म्हणून मला ते लगेच कळलं. दुसरं एक एन्झाइम शेजारच्या भिंती विरघळवतं. राखण करणाऱ्यांचा आवाज खाली जातो. आणि बाईला वरून काहीच कळत नाही.

नंतर तू फोनवर सांगितलंस की परीक्षकांपुढं तू मिक्सरचं उदाहरण दिलंस आणि "हे माझ्या भावाचं आहे" असं म्हणालीस. मी तेव्हा गाडी चालवत होतो. बाजूला घेतली. छाती अशी फुगली होती की पट्टा आवळायला लागला. दहावीला गणितात लटकलेल्या माणसाचं उदाहरण हैदराबादेत पीएच.डी.ला चाललं. अजून काय पाहिजे?

तर माझी ही गाडी. तुला फोनवर अर्धवटच सांगितलंय. एक संस्था गावोगाव बायकांच्या तपासणीचे कॅम्प घेते, हाच तुझा रोग. त्यांच्या उद्घाटनाला रामहरीचं साउंड होतं. त्यांचा ड्रायव्हर त्याच दिवशी पुण्याला निघून गेला, मी म्हणलं मी चालवतो, आणि लागलो. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम असंल ज्याला मी अजून कंटाळलो नाही. गावात गाडी गेली की मी लांब झाडाखाली लावून बसतो, गड्यानं दारात उभं राहायचं नाही असा नेम आहे. पण बसल्या बसल्या ऐकू येतं सगळं.

दिवाळी झाल्यावर कॅम्प आपल्या वस्तीवर आला. समाजमंदिरात पडदे लावले, खाट टाकली, डॉक्टरबाई हातमोजे घालून तयार. बाया बाहेर ओळीनं बसल्या, पण आत कुणी जाईना. आपल्या वस्तीची आशा वर्कर धुरपदाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडायलीय, "अगं चला की! नुसतं पोहं खायला आलाव व्हय?"

नागूबाई म्हणली, "आत गेलं की पिशवी काढत्यात म्हणं."

"काढून काय लोणचं घालणार हायत व्हय तिचं? नुसतं औषध लावून बघत्यात. पांढरा डाग उठला तर उठला, न्हाय तर ऊठ आन घरला जा."

"मग तूच जा की आधी."

"म्या जाऊन आलेय धाराशिवला! कागद दाखवू?"

हसणं झालं, पण हललं कुणी नाही. तेवढ्यात आई आली. गोठा झाडून तशीच आली होती, लुगड्याचा पदर खोचलेला, हात ओले. "सरका," म्हणली. "माझी लेक तिकडं परमुलखात ह्याच रोगावर बसलीय. बायांच्या अंगाचं तुकडं बघून बघून तिनं डोळं फोडलं. आन तिच्या गावातल्या बाया भितात? लोक काय म्हणतील?" मग त्यांना वाकळ सांगितली. आईचं असं आहे की ती एन्झाइमला विरजण म्हणते. "बोटावर मावंल एवढं विरजण हंडाभर दुधाचं दही करतं का न्हाय? तसलं विरजण आपल्या अंगात जागोजागी हाय. ते मापात हाय तवर बरं. माप सुटलं की दूध नासतं. माझी लेक ते माप बघती." (तू म्हणशील विरजण म्हणजे जिवाणू. मी तिला सांगितलं. ती म्हणली, "मग त्या जिवाणूत कोण काम करतंय? तेच की तुझं एन्झाइम.")

नागूबाई म्हणली, "आगं हरणे, तुझं तर महिन्याचं जाऊन लई वर्सं झाली. तुला आता काय तपासायचं?"

आई म्हणली, "म्हणून तर जाते. मला कशाचं भ्या?" आणि पडदा सारून आत गेली.

ताई, तिच्यामागं आधी धुरपदाबाईनं नागूबाईला ढकललं, मग नागूबाईची सून दैवशाला गेली, मग रांग लागली. एवढी मोठी रांग मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितली नाही. मी झाडाखाली बसून गाडीच्या चाकाला सांगत होतो, बघ, ही माझी आई.

आई बाहेर आली ती मात्र माझ्याकडं न बघता घराकडं गेली.

(वानरानं आत्ता एका माणसाच्या हातातलं बिस्कीट नेलं. त्या माणसानं त्याला मराठीत, हिंदीत आणि थोडं कानडीत शिव्या दिल्या. असू दे. मी मुद्दामच तिकडं बघत बसलो होतो. लिहितो.)

तुला श्रावणातलं आठवतं? मी फोनवर तुला फुशारकीनं सांगितलं होतं की आई आता देवाचा दिवा माझ्याकडून लावून घेते. आपल्या घरात आईनं देव्हाऱ्याला कधी कुणाला हात लावू दिला होता? आपल्या वडलांना, आप्पांनासुद्धा नाही. आणि आता आई उंबऱ्याबाहेर बसून म्हणायची, "महारुद्रा, आज दिवा तू लाव. माझं गुडघं दुखायल्यात." आणि मी आंघोळ करून, ओल्या अंगानं, एकदम शहाण्या मुलासारखा दिवा लावायचो. मला वाटलं, आईचा आता माझ्यावर भरवसा बसला. भटकं पोरगं ठिकाणावर आलं असं तिला वाटतंय. तूही खूश झालीस. म्हणालीस, "आई सुधारली बघ, मुलाला देवाचं करायला शिकवायली." नवरात्रातला नऊ दिवसांचा दिवासुद्धा मीच सांभाळला. तुळजापूरला आई गेली नाही, घरूनच हात जोडले. गुडघं म्हणली.

गुडघे नव्हते ताई.

तुझ्यासारखीला एवढ्यावर कळलं असंल. पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईच्या अंगावरून परत जायला लागलं होतं. आणि आपल्या आईनं काय केलं, तर पहिल्यासारखं बाजूला बसणं पाळलं. कुणाला न सांगता, एकटीनंच. देवाला शिवायचं नाही म्हणून दिवा माझ्या हातात दिला. आणि मी तो हातात घेऊन फुशारकी मारत फिरलो. तू रोज ह्याच रोगाचे तुकडे बघतेस, मी ह्याच रोगाची गाडी चालवतो, आणि दोघांनाही उंबऱ्याबाहेर बसलेली आई दिसली नाही. दिव्याकडं बघत होतो ना आपण.

आता तू स्वतःला बोल लावशील. नको लावू. माझं लावून झालंय, त्यात काही निघत नाही.

डॉक्टरबाईंना कॅम्पातच दिसलं होतं. धाराशिवला नेलं, तिथं तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरीण तरण्या होत्या, चांगल्या होत्या. तुकडा बाटलीत घालताना आई त्यांना म्हणली, "बाई, ह्यातला थोडा माझ्या लेकीकडं धाडता येतो का? तिला लागत्यात. वाकळ शिवायली ती." त्या आधी हसल्या. म्हणल्या, असं पाठवता येत नाही, त्याला परवानग्या असतात, नाव जात नाही, नुसता नंबर जातो. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तू काय करतेस ते सांगितलं. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला.

कागद आला. कॅन्सरच आहे, गर्भपिशवीच्या तोंडाचा, दुसऱ्या पायरीवरचा. घाबरू नको, मला जे सांगितलं ते तसंच लिहितो: लांब पसरलेला नाही, लाईट द्यायची, म्हणजे रेडिएशन, सोबत केमोची इंजेक्शनं, आणि बरी होण्यासारखी आहे. पण लवकर सुरू करायचं, रेंगाळायचं नाही. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची तारीख घेतली. ती तारीख आज आहे.

धाराशिवहून परत येताना एसटीत मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अंगाचं अंगाला कळत न्हाय व्हय?"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला सांगू? तुला? गड्याला?"

"ताईला सांगायचंस."

"तिची परीक्षा होती."

"मग त्या दिवशी सगळ्यांपुढं पहिली कशी गेलीस?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणली, "सगळ्या बाया बघत व्हत्या म्हणून धीर आला. एकटीनं गेले नसते कधी."

ताई, हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. आम्ही कॅम्पात किती बोंबलतो, पत्रकं वाटतो, भोंगा लावतो. पण भ्यालेली बाई भ्यालेल्या बायांच्या पुढं होऊन आत गेली, आणि त्यांना वाटलं हिला कशाचंच भ्या नाही. त्याच रांगेतल्या दैवशालाला डाग निघाला. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीचा. तो तिथल्या तिथं जाळून टाकला, संध्याकाळी ती भाकरी करायला घरी. ती आईमुळं. आईला हे सांगितलं तर म्हणली, "पोरगी वाचली, लई बेस झालं." आणि चुलीकडं वळली.

पण स्वतः बार्शीला जायचं नाव घेईना.

कारण ऐकलंस तर तू चिडशील. मरणाची भीती नाही तिला. लाईटची, केस जायची, कशाची नाही. म्हणली, "लोक म्हणतील, हिची लेक ह्याच रोगाची डॉक्टर आन हिलाच तो झाला. मग ती लेक काय शिकली? तिच्या परीक्षकांच्या कानावर गेलं तर? दिलेली डिग्री माघारी घेतील." मी म्हणलं, अशी डिग्री माघारी घेत नाहीत. ती म्हणली, "तुला काय ठावं? तू कुठं घेतलीस?"

मग भवानीची शपथ घातली मला. फोनवर ताईपाशी चकार शब्द काढायचा नाही. हैदराबादला जाऊन तोंडानं सांगायचं नाही. आप्पांना तर बिलकूल नाही. आप्पा दिवाळीनंतर नेहमीप्रमाणं मेंढरं घेऊन कर्नाटकात आळंदच्या बाजूला गेलेत, ईरण्णाच्या कळपाबरोबर. तुला माहीत आहे, आपले आप्पा ह्या दिवसांत मधेच कधी घरी आले नाहीत. तू जन्मलीस तेव्हाही आले नाहीत, आजी मेली तेव्हाही तिसऱ्याला पोचले. वाघरीच्या जाळ्यातली मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची म्हणजे त्यांच्या लेखी पाप. आणि बाईच्या दुखण्याचा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. म्हैस अडली तरी ते "तिकडं बघा जरा" एवढंच म्हणायचे.

म्हणून हे पत्र. लिहायचं नाही असं आई म्हणली नव्हती. पोरगं पत्र लिहील हे तिच्या ध्यानातच आलं नसंल.

आज सकाळी पिशवी भरून ठेवली होती मी. लुगडं, घोंगडं, तिची तंबाखूची डबी, कागदांची फाइल. म्हणलं, "चल." ती गोवऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणली, "म्या न्हाय यायची. तू जा तुझ्या कामाला." मी ओरडलो तिच्यावर. लई ओरडलो. शेजारची कुत्री उठली. मग मीच रडलो. ती तशीच शेण थापत राहिली, पण थापायच्या जागी तिचा हात चुकत होता. मी म्हणलं, "मी स्टेशनवर जाऊन बसतो. तिकिटं काढतो दोघांची. गाडी जाईपर्यंत बसतो. आलीस तर आलीस." पिशवी दारात ठेवली आणि आलो.

तर मी ह्याची वाट बघतोय.

ती आली नाही तर मी काय करायचं ते मला माहीत नाही. म्हणून तुला एकच मागतो. तू येऊन रडू नको, संतापू नको. तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग की तुझ्या नावाला ह्यानं बट्टा लागत नाही. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटत नाही, मी तिच्या लेखी अजून भोंग्यामागं बसणारा पोरगा आहे. तू सांग की तुझ्या त्या चित्रातली उभी एकेक ओळ कुणाची तरी आईच होती, आणि त्यातली एकही लाजायसारखी नव्हती. हे मला आत्ता सुचलं, पण मी म्हणलं तर ती म्हणंल, पाठ करून आलास काय.

गाडी लातूरहून निघाली म्हणं. मास्तरनं सांगितलं. फाट्याकडून एक टमटम आली, त्यातून भाजीवाल्या बाया उतरल्या. आई नव्हती. परत दुसरी आली, ती रिकामीच.

थांब.

ताई, थांब जरा, कुणी तरी आलंय. गाडीला अजून वेळ आहे म्हणून एवढं लिहून टाकतो.

आप्पा आलेत.

आळंदहून. डोक्यावर लग्नाकार्यातलं तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं. आधी मला ओळखूच येईना, कारण मेंढरांशिवाय आप्पा मी कधी बघितलेले नाहीत. टमटममधून उतरले आणि मागं वळून त्यांनी हात पुढं केला. तो हात धरून आई उतरली. मी भरलेली पिशवी आप्पांच्या दुसऱ्या हातात.

मी म्हणलं, "आप्पा, मेंढरं?"

"ईरण्णापाशी ठिवली."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"धुरपदाबाईनं ईरण्णाच्या फोनवर फोन केला. लई शिव्या घातल्या मला. म्हणली, मेंढरू लंगडलं तर खांद्यावर घेतोस आन बाईकडं बघत न्हाईस." खाली बघत म्हणले, "बराबर बोलली ती."

आई बाकड्यावर टेकली. म्हणली, "मेंढरं टाकून आलाय हा माणूस. आता न्हाय म्हणून कुठं जाऊ? वाटंत मलाच शिकवत व्हता. म्हणं, शिवा बायांना सांगती तपासा. तू तपासलंस, तिचंच ऐकलंस, मग लाज कसली. एवढं शानपण ह्याला कुठनं आलं ईचार."

फलाटावर बोरं विकणारी अयोध्याबाई आप्पांना बाजारामुळं ओळखते. तिनं टोपलीवरूनच हाक मारली, "काय श्रीमंतदा, मेंढरं सोडून आज कुठं?"

आता आप्पा काय तरी पुटपुटतील आणि तोंड फिरवतील असं मला वाटलं. आप्पा सरळ उभे राहिले आणि शिवारातून शिवारात हाक घालावी तशा आवाजात म्हणले, "बार्शीला! हरणाबाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघालाय. इलाज करून आणतो. तुमी तपासून घेतलं का न्हाय?"

अख्खा फलाट वळून बघायला लागला. आईनं पदर तोंडाला लावला. "एवढ्या मोठ्यानं कशाला सांगायचं?"

"मग काय कानात सांगू?"

ताई, त्यांच्या तोंडून आईचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तूही ऐकलं नसशील. आणि आईनं पदर खाली घेतला, बघणाऱ्यांकडं एकदा बघितलं, आणि अयोध्याबाईला म्हणली, "ये की हिकडं, बस. सांगते तुला कसं तपासत्यात ते."

ती सांगायलीय. गाडी दिसायलीय. हे पत्र पेटीत टाकून डब्यात चढतो. माझ्या मोबाइलवर तुझा फोन आला तर आता आप्पाच उचलून सगळं सांगतील.

हरणाबाई आणि श्रीमंत बंडगर यांचा मुलगा,
तुझा भाऊ,
महारुद्र